दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन उतरतंय: लहान आतड्याची एन्डोस्कोपी कधी, कशी आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६१. गेल्या काही महिन्यांत हिमोग्लोबिन दोनदा ६–७ पर्यंत उतरलं, रक्त चढवावं लागलं, दोन वेळा डांबरासारखी काळी शौच झाली. तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे केलेल्या दोन्ही दुर्बीण तपासण्या नॉर्मल आहेत. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. डॉक्टरांनी आता आधी कॅप्सूल (गिळायचा छोटा कॅमेरा) आणि गरज पडली तर बलून एन्टेरोस्कोपी (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेली लांब दुर्बीण) सांगितली आहे. दोन तपासण्या कशाला, थेट एन्टेरोस्कोपीच का नाही, धोका किती, आणि उपचार तिथल्या तिथे होतो का?

डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. मात्र वेदनाशामक गोळ्यांचा इतिहास पाहता कॅप्सूल गिळण्याआधी एका गोष्टीची खात्री करायला हवी: आतड्यात कुठे अरुंद जागा तर नाही ना. ती का, हे पुढे येईलच.

नेहमीची गॅस्ट्रोस्कोपी जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत, म्हणजे ड्युओडेनमच्या दुसऱ्या वळणापर्यंत जाते. कोलोनोस्कोपीत लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप ओलांडून लहान आतड्याचा शेवटचा १०–२० सेंटिमीटरचा तुकडा दिसतो, तोही तपासणाऱ्याने आत शिरायचे कष्ट घेतले तर. मधलं सगळं, म्हणजे काही मीटर लांबीचं आतडं, या दोन्ही दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर राहतं. पचनमार्गातल्या एकूण रक्तस्रावांपैकी साधारण ५ ते १० टक्के या मधल्या भागातून होतात. त्यामुळे ‘दोन्ही दुर्बिणी नॉर्मल’ याचा अर्थ ‘आतडं नॉर्मल’ असा होत नाही.

तरीही पुढे जाण्याआधी जुने रिपोर्ट उघडून बसावं. कोलोनोस्कोपीत शेवटचं लहान आतडं पाहिलं होतं का? पोट नीट साफ होतं का? गॅस्ट्रोस्कोपीत ड्युओडेनममधून सिलिअॅक रोगासाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजणं) तुकडे घेतले होते का? (घ्यायचे तर बल्बसह, म्हणजे ड्युओडेनमच्या सुरुवातीच्या भागासह, निरनिराळ्या जागांवरून किमान ५–६.) छातीत सरकलेल्या जठराच्या कडेवरचे ओरखडे, जठराच्या तोंडाजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या, मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातले बारीक लाल ठिपके या गोष्टी पहिल्या तपासणीत निसटतात, आणि रक्तदाब पडलेला असताना किंवा हिमोग्लोबिन खूप खाली असताना केलेल्या तपासणीत जास्त निसटतात, कारण फिक्या पडलेल्या अस्तरावर लाल ठिपका उठून दिसत नाही. पहिल्या तपासणीबद्दल शंका असेल तर ती पुन्हा करणं कॅप्सूलपेक्षा स्वस्त पडतं आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

आता अरुंद जागेविषयी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की लहान आतड्यात व्रण होतात. ते भरताना आतड्याच्या पोकळीत गोल पडदे तयार होतात, मध्ये बारीक छिद्र असलेले. त्यांची जाडी काही मिलिमीटरच असल्यामुळे सीटीवर ते बहुधा दिसतच नाहीत. कॅप्सूल मात्र त्यांच्यामागे अडकते. आपल्याकडे अरुंदपणाची आणखी दोन मोठी कारणं आहेत, आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार). म्हणून विचारायचे प्रश्न साधेच असतात: जेवल्यावर अर्ध्या-एक तासाने बेंबीभोवती कळ येते का? पोट फुगून गुडगुड आवाज होऊन मग मोकळं होतं का? उलटी होते का? पोटाचं जुनं ऑपरेशन किंवा किरणोपचार झाले आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी सीटी एन्टेरोग्राफी.

सीटी एन्टेरोग्राफी म्हणजे साधी पोटाची सीटी नव्हे. ४५ ते ६० मिनिटांत साधारण सव्वा ते दीड लिटर मॅनिटॉल किंवा पीईजी मिसळलेलं पाणी टप्प्याटप्प्याने पाजतात, म्हणजे आतडं फुगून भिंत नीट दिसते. पाणी पुरेसं प्यायलं गेलं नाही तर मिटलेलं आतडं जाड भिंतीसारखं दिसतं आणि नसलेला आजार रिपोर्टवर येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर शिरेतल्या डायचा विचार आधी करावा लागतो. अडथळ्याची लक्षणं अजिबात नसतील आणि प्रश्न फक्त रक्तस्रावाचा असेल, तर सीटी न करता थेट कॅप्सूल देणंही मान्य आहे. तरी दीर्घकाळ वेदनाशामक घेतलेल्या किंवा क्षयाचा संशय असलेल्या माणसात माझा कल आधी सीटीकडे असतो. विरघळणारी चाचणी-कॅप्सूल मिळत असेल तर ती आणखी उपयोगी. तिचा आकार खऱ्या कॅप्सूलइतकाच असतो, आत लॅक्टोज आणि बेरियम असतं, आणि सुमारे ३० तासांनंतर ती विरघळू लागते. त्याआधी ती अखंड बाहेर पडली तर रस्ता मोकळा आहे असं धरता येतं.

खरी कॅप्सूल साधारण ११ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर लांब असते. ती इस्रायलमधल्या गॅव्हरिएल इद्दान यांच्या कल्पनेतून आली आणि २००१ मध्ये अमेरिकेत वापरासाठी मंजूर झाली. आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि ट्रान्समीटर. सेकंदाला २ ते ६ चित्रं, ८ ते १२ तास. कमरेच्या पट्ट्यावरचे किंवा पोटावर चिकटवलेले सेन्सर ती चित्रं पकडतात आणि खांद्याला लटकवलेल्या रेकॉर्डरमध्ये साठवतात. ५० हजारांहून जास्त चित्रं जमा होतात. कॅप्सूल एकदाच वापरायची असते, शौचावाटे निघून जाते, ती परत करायची नसते.

ही तपासणी बिघडते ती बहुतेकदा तयारीत. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी बंद करा. त्यांचा काळा थर अस्तरावर बसतो आणि रक्तासारखाच दिसतो. आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त पातळ, गाळलेलं: नारळपाणी, लिंबू-साखरेचं पाणी, गाळलेली पेज. दूध, ताक आणि लाल रंगाचं काहीही नको. कोकम सरबत आणि बीटसुद्धा नाही. संध्याकाळी पीईजी पावडरचं साधारण २ लिटर द्रावण, मग १०–१२ तास उपास. गिळण्याच्या थोडं आधी सिमेथिकोन, म्हणजे फेस कमी होतो. गिळल्यानंतर २ तासांनी पाणी, ४ तासांनी हलका नाश्ता. दिवसभर चालत-फिरत राहिलेलं चांगलं. पडून राहिलेल्या माणसात कॅप्सूल रेंगाळते. मधुमेह असेल तर त्या दिवशीच्या इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गिळल्यानंतर तासाभराने रेकॉर्डरच्या पडद्यावर कॅप्सूल कुठे आहे ते बघायलाच हवं. जुना मधुमेह, रुग्णालयात भरती असणं, अफूजन्य वेदनाशामकं अशा कारणांनी ती जठरातच गोल गोल फिरत राहते आणि बॅटरी तिथेच संपते. तासाभराने ती जठरातच असेल तर जठराची हालचाल वाढवणारं मेटोक्लोप्रमाइड देतात, तरीही सरकली नाही तर दुर्बिणीने जाळीत धरून ड्युओडेनममध्ये नेऊन सोडतात. गिळायलाच त्रास असलेल्या माणसात सुरुवातीपासून हाच मार्ग धरावा.

वेळेला फार महत्त्व आहे. काळी शौच चालू असताना किंवा थांबल्यापासून ४८ ते ७२ तासांत कॅप्सूल दिली तर जागा सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पंधरा दिवसांनी, लोह आणि रक्त देऊन तब्येत सावरल्यावर दिली की ती शक्यता झपाट्याने उतरते. आपल्याकडे नेमकं हेच घडतं: तारीख मिळेपर्यंत, पैशांची सोय होईपर्यंत रक्तस्राव थांबलेला असतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. म्हणून आत्ताच आपल्या डॉक्टरांशी ठरवून ठेवा की पुढच्या वेळी काळी शौच दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॅप्सूल घ्यायची. उलट, रक्तस्राव जोराचा असेल, नाडी वेगाने धावते आहे, रक्तदाब पडतो आहे, तर कॅप्सूलचा विचारही करू नये. तिथे सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी), आणि जागा दिसली तर रक्तवाहिनीतून कॅथेटर घालून ती वाहिनी बंद करणं.

कॅप्सूलच्या मर्यादाही समजून घ्या. ती फुगवू शकत नाही, धुऊ शकत नाही, मागे वळून बघू शकत नाही, तुकडा घेऊ शकत नाही. ड्युओडेनममधून ती काही मिनिटांत सुसाट निघून जाते, त्यामुळे तिथली गाठ हुकते. भिंतीच्या आत वाढणारी जिस्टसारखी गाठ फक्त एखाद्या उंचवट्यासारखी दिसते आणि तोही दोन-चार चित्रांतच. काही जणांत बॅटरी संपेपर्यंत ती मोठ्या आतड्यात पोचतच नाही. म्हणून कॅप्सूल नॉर्मल आली तरी रक्त पुन्हा उतरलं तर सीटी किंवा दुसरी कॅप्सूल लागते.

अडकण्याचं प्रमाण रक्तस्रावासाठी केलेल्या तपासणीत साधारण १ ते २ टक्के असतं. क्रोन्सचं निदान आधीच झालेल्यांत ते बरंच जास्त. कॅप्सूल दोन आठवड्यांनंतरही आत असेल तर तिला अडकलेली म्हणतात. ती बाहेर पडताना दिसली नसेल तर पोटाचा साधा एक्स-रे काढा, आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका. कॅप्सूल अडकली म्हणजे आणीबाणी आली असं नाही. बहुतेकांना काही त्रास होत नाही, आणि ती जिथे थांबली तिथेच आजार आहे हेही कळतं. एन्टेरोस्कोपीने ती जाळीत पकडून काढता येते, त्याच वेळी अरुंद जागेचा तुकडाही घेता येतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न: थेट एन्टेरोस्कोपीच का नाही? कारण ती करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की तोंडाकडून जायचं की खालून. ते कॅप्सूल सांगते. गणित सोपं आहे. कॅप्सूलने जठराचं दार ओलांडलं ती वेळ आणि मोठ्या आतड्यात शिरली ती वेळ, या दोन्हींमधला काळ म्हणजे लहान आतड्यातला एकूण प्रवास. दोष त्या प्रवासाच्या कितव्या भागात दिसला ते काढायचं. समजा दार ४० व्या मिनिटाला ओलांडलं, मोठं आतडं ५ तास २० मिनिटांना आलं आणि लाल ठिपका २ तास ३० मिनिटांना दिसला. एकूण प्रवास २८० मिनिटं, ठिपका ११० व्या मिनिटाला, म्हणजे ०.३९. साधारण ०.६ पर्यंत तोंडावाटे जावं, काही केंद्रं ०.७५ पर्यंत जातात, त्यापुढे खालून. खालचा रस्ता अवघड असतो, कारण सगळं मोठं आतडं पार करून झडपेतून उलट्या दिशेने शिरायचं असतं, आणि आत जाता येणारं अंतरही वरून जाण्यापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून सीमेवरच्या आकड्याला मी वरचाच मार्ग धरावा असं म्हणेन. आणि म्हणूनच कॅप्सूलच्या रिपोर्टचा कागद पुरत नाही. या तीन वेळा त्यात लिहिलेल्या आहेत का ते बघा, आणि मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या.

बलून एन्टेरोस्कोपी जपानच्या जिची मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या हिरोनोरी यामामोतो यांनी विकसित केली. तिचा पहिला अहवाल २००१ मध्ये आला. दुर्बीण २०० सेंटिमीटर लांब, साधारण ९ मिलिमीटर जाड. तिच्यावर १४०–१४५ सेंटिमीटरची मऊ बाह्यनळी, टोकाला फुगणारा फुगा. दुहेरी पद्धतीत दुर्बिणीच्या टोकालाही दुसरा फुगा असतो. एकेरी पद्धतीत तो नसतो आणि तेच काम दुर्बिणीचं टोक वाकवून हुकासारखं अडकवून करतात. लांब लवचीक आतड्यात दुर्बीण नुसती ढकलली तर वेटोळंच मोठं होतं, टोक पुढे जात नाही. म्हणून इथे आतडंच मागे गोळा करतात. पायजम्यात नाडी ओवताना कापडाच्या चुण्या मागे सरकवत जातो, तसं आतडं बाह्यनळीवर चुण्या पाडून ओढून घ्यायचं.

एक फेरी अशी असते. बाह्यनळीचा फुगा फुगवून आतडं धरलं. दुर्बीण जाईल तितकी पुढे नेली. टोकाचा फुगा फुगवला. बाह्यनळीचा फुगा सोडून ती दुर्बिणीवरून पुढे सरकवली, पुन्हा फुगवली. आता दोन्ही फुगे फुगलेले असताना दोन्ही नळ्या एकत्र, हळू मागे ओढल्या. आतडं चुणीत आलं. मग टोकाचा फुगा सोडून पुन्हा पुढे. फुग्यातला दाब साडेपाच किलोपास्कलच्या आसपास ठेवतात, म्हणजे पकड बसते पण भिंत चिरडत नाही. प्रत्येक फेरीत किती सेंटिमीटर खरंच पुढे गेलो हे साहाय्यक लिहीत जातो. तोंडावाटे साधारण अडीच ते साडेतीन मीटर, खालून एक ते दीड मीटर गाठता येतं. पोटात जुन्या ऑपरेशनचे चिकटे असतील तर कितीतरी कमी. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर आतडं फुगून अडत नाही, जास्त आत जाता येतं आणि नंतरचा पोट फुगण्याचा त्रासही कमी होतो. जिथवर पोचलो तिथे काळ्या शाईचा ठिपका टोचून ठेवतात. दुसऱ्या बाजूने आलेली दुर्बीण त्या ठिपक्यापर्यंत पोचली तर सगळं आतडं पाहून झालं.

या कामाला एक ते दोन तास लागू शकतात. म्हणून तोंडावाटेच्या तपासणीला भूलतज्ज्ञ हवाच, आणि जठरात रक्त किंवा साचलेलं अन्न असण्याची शक्यता असेल तर घशात नळी घालून पूर्ण भूल. काही फुगे लॅटेक्सचे असतात, अॅलर्जी असल्यास आधी सांगा. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून ठरतं. स्टेंट नवीन असताना स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं रक्तस्रावापेक्षा घातक ठरू शकतं. मोटरवर फिरणाऱ्या सर्पिल नळीची एन्टेरोस्कोपी मध्यंतरी बरीच गाजली. गंभीर इजांच्या तक्रारींनंतर तिचं यंत्र २०२३ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. जुन्या लेखांत तिचं कौतुक वाचाल, पण आज विचारायची पद्धत बलूनचीच.

उपचार तिथल्या तिथे होतो का? बहुतेक वेळा हो, आणि याच कारणासाठी एन्टेरोस्कोपी करायची. साठीनंतरच्या माणसात सगळ्यात जास्त सापडतात ते अँजिओएक्टेशिया, म्हणजे अस्तरातले पसरट, फर्नच्या पानासारखे लाल ठिपके. मूत्रपिंड निकामी असणाऱ्यांत आणि महाधमनीची झडप अरुंद असणाऱ्यांत ते जास्त दिसतात, म्हणून अशा रुग्णाच्या हृदयाची इको तपासणी राहिली असेल तर करून घ्यावी. हे ठिपके आर्गॉन प्लाझ्माने, म्हणजे आर्गॉन वायूतून सोडलेल्या विजेने, जाळतात. लहान आतड्याची भिंत फार पातळ असते, त्यामुळे जठरासाठी वापरतो ती शक्ती इथे चालत नाही: २० ते ३० वॉट, वायूचा प्रवाह मिनिटाला लिटरभर किंवा कमी, आणि झटके क्षणभराचे. मोठ्या ठिपक्याखाली आधी सलाइन टोचून अस्तर उचलून घेतात, म्हणजे उष्णता खालच्या थराला पोचत नाही. ठिपका नाडीबरोबर धडधडत असेल तर तो जाळायचा नाही. ती धमनी असते, तिथे क्लिप लावायची. यानो-यामामोतो वर्गीकरण याचसाठी आहे: न धडधडणाऱ्याला उष्णता, धडधडणाऱ्याला क्लिप, आणि भोवती फुगलेल्या शिरांचं मोठं जाळं असेल तर बहुधा शस्त्रक्रिया.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती न सांगितल्यामुळे घरचे नंतर हताश होतात. जाळल्यानंतरही एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत पुढच्या दोनेक वर्षांत पुन्हा रक्तस्राव होतो. उपचार चुकला असा त्याचा अर्थ नसतो. ठिपके अनेक असतात आणि नवे तयार होत राहतात. अशा वेळी शिरेतून लोह, महिन्यातून एकदा दीर्घ परिणामाचं ऑक्ट्रिओटाइड इंजेक्शन, आणि निवडक रुग्णांत थॅलिडोमाइड हे पर्याय आहेत. थॅलिडोमाइडने गर्भात व्यंग येतं आणि नसांना इजा होते, म्हणून ते कडक देखरेखीखालीच.

तुमच्या आईंच्या बाबतीत दुसरी शक्यता तितकीच मोठी आहे: वेदनाशामकांचे व्रण. त्यावर पहिला आणि खरा उपाय म्हणजे त्या गोळ्या कायमच्या बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, व्यायाम, हाडांच्या डॉक्टरांकडून दुसरा मार्ग. औषधांच्या दुकानातून मिळणाऱ्या ‘अंगदुखीच्या’ मिश्र गोळ्या आणि रचना माहीत नसलेल्या चूर्णांचाही हिशोब घ्या. त्यात डायक्लोफेनॅक असू शकतं. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी जठराला वाचवते, लहान आतड्याला नाही. तिच्या भरवशावर वेदनाशामक चालू ठेवता येत नाही.

व्रण किंवा अरुंद जागा सापडली की आपल्या देशात एक प्रश्न टाळता येत नाही: क्षय की क्रोन्स? आडवे, आतड्याला वेढणारे व्रण, उघडी पडलेली झडप आणि सीटीवर मध्यभागी मऊ पडलेल्या गाठी क्षयाकडे झुकतात. उभे लांब व्रण, मधूनमधून निरोगी तुकडे, दगडी फरसबंदीसारखं अस्तर क्रोन्सकडे. पण नुसत्या नजरेवर कुणी निर्णय देत असेल तर सावध व्हा. क्षय असताना स्टेरॉइड दिलं तर आजार पसरतो. क्रोन्स असताना महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली तर आतडं आक्रसत जातं. तुकडे किमान ८ घ्यावेत, व्रणाच्या कडेचे. आणि एक छोटीशी चूक सगळं वाया घालवते: सगळे तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकणं. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, तो तुकडा कल्चरला चालत नाही. दोन-तीन तुकडे वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयजंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) पाठवायला हवेत. तपासणीआधीच हे डॉक्टरांना विचारलंत तर त्यांना राग येणार नाही. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं होत नाही, आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. एवढं करूनही ठरलं नाही तर क्षयाची औषधं सुरू करून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते प्रत्यक्ष बघतात. भूक वाढली, वजन वाढलं एवढ्यावर विसंबू नये. क्रोन्समध्येही तेवढं होऊ शकतं.

अरुंद जागा फुग्याने रुंद करता येते, पण सगळ्या नाही. लांबी ५ सेंटिमीटरच्या आत हवी, जागा सरळ हवी, तिथे खोल व्रण, भगंदर किंवा पू नको, आणि कर्करोग नाही हे तुकड्यावरून ठरलेलं हवं. फुगा पाण्याने टप्प्याटप्प्याने फुगवतात: १० मिलिमीटर, मग १२, मग १५, प्रत्येक टप्प्यावर सुमारे एक मिनिट. पहिल्याच खेपेला १८ गाठण्याचा मोह धोक्याचा; गरज पडली तर काही आठवड्यांनी पुन्हा करावं. क्षयाच्या औषधांनी व्रण भरतो, पण झालेला अरुंदपणा अनेकांत तसाच राहतो, त्यामुळे कोर्स संपल्यावरही जेवणानंतरची कळ चालू असेल तर पुन्हा दाखवावं. व्यवहारातली आणखी एक अडचण: दुर्बीण दोन मीटरची, त्यामुळे फुगा, क्लिप, जाळी, सगळी साधनं २३० सेंटिमीटरहून लांब आणि तिच्या बारीक नळीतून जाणारी लागतात. ती नसतील तर डॉक्टर दोषापर्यंत पोचून नुसतं बघून परत येतात. केंद्र निवडताना ‘डायलेटेशन (अरुंद जागा रुंद करणं) आणि क्लिपची एन्टेरोस्कोपीची साधनं तुमच्याकडे आहेत का’ हा प्रश्न यंत्राच्या मॉडेलपेक्षा जास्त उपयोगी.

गाठ सापडली तर वागणं बदलतं. जिस्टसारख्या, निरोगी अस्तराखाली वाढणाऱ्या गाठीतून तुकडा घेतला तर वरचं नॉर्मल अस्तरच हाती येतं आणि रक्तस्राव मात्र सुरू होऊ शकतो. तिथे शेजारी शाईची खूण करून शस्त्रक्रियेला पाठवणं बरं. दुर्बिणीने ऑपरेशन करणाऱ्याला ती खूण बाहेरून दिसते. प्यूट्झ-जेघर्स या आनुवंशिक आजारात (ओठांवर काळे डाग, आतड्यात अनेक पॉलिप) मात्र एन्टेरोस्कोपीने खरोखर शस्त्रक्रिया टळतात: १५–२० मिलिमीटरहून मोठे पॉलिप आतडं एकात एक शिरण्याआधीच फासाने कापून काढतात. अशा घरातल्या मुलांची कॅप्सूल किंवा एमआर तपासणी साधारण आठव्या वर्षापासून सुरू करतात. तरुण माणसात रक्तस्राव असेल तर मेकेल्स डायव्हर्टिक्युलम (लहान आतड्याला जन्मापासून असलेली पिशवी) आधी आठवावा. आणि कॅप्सूलमध्ये भिंतीला चिकटलेले पांढुरके आकडीकृमी दिसणं आपल्याकडे नवीन नाही. त्यांना अल्बेन्डाझोल पुरतं.

धोक्याबद्दल नेमकं: नुसत्या बघण्याच्या एन्टेरोस्कोपीत गंभीर गुंतागुंत शंभरात एकाच्या आसपास, उपचार केला तर ३ ते ४. मोठा पॉलिप काढणं आणि अरुंद जागा फुगवणं यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका सगळ्यात जास्त. तोंडावाटेच्या तपासणीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, साधारण हजारात तिघांना. त्याच्या नळीच्या तोंडाजवळ फुगे न फुगवता बरंच पुढे गेल्यावरच फुगवणं हा त्यावरचा खबरदारीचा उपाय. दुसऱ्या दिवशी रक्तात नुसतं अमायलेज (स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य) वाढलेलं असेल आणि दुखत नसेल तर घाबरू नका, ते अनेकांत वाढतं. घसा दुखणं, पोट फुगणं एक-दोन दिवसांत जातं. पण पाठीत जाणारी सतत कळ, कडक झालेलं पोट, ताप, किंवा पुन्हा काळी शौच असेल तर वाट न बघता त्याच रुग्णालयात जा. दुसऱ्या ठिकाणी काय केलं होतं हे समजण्यातच वेळ जातो.

तपासणीला जाताना आधीच्या दोन्ही दुर्बिणींचे फोटोसह रिपोर्ट, सीटीची सीडी, कॅप्सूलचा व्हिडिओ, गोळ्यांची सगळी पाकिटं, आणि रक्त कधी चढवलं त्या तारखा लिहिलेला कागद बरोबर ठेवा. नंतर महिन्याला एकदा हिमोग्लोबिन, तीन महिन्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी). लोह शिरेतून दिलं असेल तर फेरिटिन काही आठवडे फुगलेलं दिसतं, त्यामुळे लगेच तपासू नका. हिमोग्लोबिन एकदा सावरून पुन्हा २ ग्रॅमने उतरलं तर काळ्या शौचाची वाट न पाहता कॅप्सूल केलेल्या डॉक्टरांकडे परत जा आणि मूळ व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा बघून घ्या; पहिल्या वाचनात निसटलेला ठिपका दुसऱ्या वाचनात सापडतो, आणि त्यासाठी नवी कॅप्सूल गिळावी लागत नाही.